घोडीच्या विमाअर्जातला दुधाचा रकाना

₹23,460 ही माझ्या हातून थेट गेलेली रक्कम आहे. तिच्यात घोडीच्या उपचाराचे ₹18,400 धरलेले नाहीत, आणि जिचा ₹2,40,000 चा विमा उतरवलेला आहे अशी माझी पक्की समजूत होती ती घोडीही धरलेली नाही. बनावट पॉलिसी विकणारी माणसे किती गोड बोलतात, कशी घाई लावतात आणि पैसे मिळाल्यावर त्यांचे फोन कसे बंद होतात, हे आता कुणाला नव्याने सांगायला नको. वर्तमानपत्रांत ते रोज छापून येते आणि मीही ते वाचतच होते. मी लिहीत आहे ते एवढ्यासाठी की घोड्याच्या विम्यात फसवणे मोटारीच्या किंवा आरोग्याच्या विम्यापेक्षा कितीतरी सोपे आहे, आणि त्याचे कारण घोडेवाल्यांनी आधीच समजून घेतलेले बरे.

मोटारीची पॉलिसी कशी दिसते हे घराघरांत ठाऊक असते. घोड्याची पॉलिसी आपल्यापैकी किती जणांनी हातात धरली आहे? सरकारी मालकीच्या सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे घोडा, तट्टू, खेचर आणि गाढव यांचा विमा पशुधनाच्या विभागात मिळतो, परंतु तो मागायला माणूस क्वचितच येत असल्यामुळे शाखेतल्या कर्मचाऱ्यांनाच त्याची माहिती नसते. मी चौकशी केली त्या शाखेतल्या अधिकाऱ्याने गाय किंवा म्हैस असेल तर बोला, असे सांगून समोरची फाइल पुन्हा उघडली. ज्याने कायदेशीर दार उघडायचे त्याने ते तोंडावर लावले, तर मागच्या दाराने येणाऱ्याचे फावणारच. मी आळशीपणाने स्वस्त माल शोधत हिंडत होते असे ज्यांना वाटत असेल त्यांनी एकदा त्या टेबलासमोर उभे राहून पाहावे.

मला बनावट पॉलिसी विकणारा गृहस्थ आमच्या नालबंदाच्या ओळखीने आला. नालबंदाला मी दोष देत नाही, कारण त्याच्या स्वतःच्या तट्टांचे पैसे त्याच माणसाकडे बुडाले आहेत. आपण एका मोठ्या कंपनीचे अधिकृत प्रतिनिधी असून खास घोड्यांसाठी नवी योजना आली आहे, असे त्याने सांगितले. योजनेत अपघात, आजार, शस्त्रक्रिया, लंगडेपणा, चोरी, शर्यतीतली इजा, एवढेच काय, शिंगराचा मृत्यूसुद्धा धरलेला होता. खऱ्या पशुधन विम्यात मुख्यतः मृत्यूचे संरक्षण मिळते. कायमच्या अपंगत्वासाठी जादा हप्ता भरावा लागतो. आणि चोरी, जनावर हरवणे, आधीपासूनचा आजार व जाणूनबुजून केलेली हेळसांड या गोष्टी सहसा वगळलेल्या असतात. म्हणून काय वगळले आहे याचे पान आधी मागा, आणि ते पानच नसेल तर चहा पाजून माणसाला वाटेला लावा.

हिशेब त्याने माझ्यासमोर मांडला. घोडीची किंमत ₹2,40,000 आणि मुलांना रपेट शिकवण्यासाठी ठेवलेल्या तट्टाची ₹60,000, मिळून ₹3,00,000. त्यावर चार टक्क्यांनी हप्ता ₹12,000, त्यावर 18 टक्के जीएसटी ₹2,160, एकूण ₹14,160. त्यातून ‘माझ्या कमिशनातले तुम्हाला, ताई’ असे म्हणून त्याने ₹1,200 वजा केले आणि ₹12,960 घेतले. दोन्ही जनावरांना मायक्रोचिप बसवण्याचे प्रत्येकी ₹1,500 प्रमाणे ₹3,000 वेगळे झाले. विमा कायदा, 1938 च्या कलम 41 प्रमाणे कमिशनातून अशी सूट देण्यास मनाई आहे, ती घेणाऱ्यालाही कायदा मोकळे सोडत नाही, आणि दंड दहा लाख रुपयांपर्यंत होऊ शकतो. तक्रारीत ₹1,200 चा उल्लेख ठेवावा की गाळावा यावरून माझा वकिलांशी वाद झाला. मी तो ठेवला आहे.

आता त्या अर्जाविषयी. अर्ज चार पानी होता आणि त्याच्या दुसऱ्या पानावर जनावराचा रंग, शिंगांचा आकार, शेपटीचा गोंडा, झालेली वेते आणि ‘सध्याचे दूध (लिटर), सकाळ / संध्याकाळ’ असे रकाने होते. शिंगांपुढे मी आडवी रेघ मारली. वेतांपुढे ‘एक’ लिहिले, कारण घोडीला एक शिंगरू झालेले होते. दुधाच्या रकान्यात मी चांगल्या वळणदार अक्षरात ‘लागू नाही’ असे लिहिले, सकाळसाठी एकदा आणि संध्याकाळसाठी एकदा. समोर बसलेला माणूस घोड्यांच्या खास योजनेचा प्रतिनिधी म्हणवत होता आणि त्याने पुढे केलेला कागद म्हशीचा होता, हे माझ्या डोळ्यांना दिसत होते, हाताला दिसत होते, फक्त डोक्यापर्यंत पोहोचत नव्हते. मी विचारले नाही असेही नाही. ‘ताई, पशुधनाला छापील अर्ज एकच असतो,’ असे उत्तर मिळाले, आणि ज्या माणसाने आयुष्यात सरकारी अर्ज भरले आहेत त्याला ते उत्तर पटण्यासारखेच आहे. वडिलांच्या मृत्यूच्या दाखल्यासाठी भरलेल्या अर्जात मला ‘अर्जदाराशी नाते’ आणि ‘अर्जदाराची स्वाक्षरी’ या दोन्ही ठिकाणी माझेच नाव घालावे लागले होते. रकाने चुकीचे असणे हे आपल्याकडे संशयाचे कारण मानले जात नाही, आणि त्या माणसाचा सगळा धंदा यावरच उभा आहे.

त्याहून मोठी खूण त्याने घोडीजवळ उभे राहून दिली. घोडा रंगावरून ओळखत नाहीत. एका तबेल्यात चार कुमैत घोड्या असू शकतात, परंतु कपाळावरचा, मानेवरचा आणि छातीवरचा केसांचा भोवरा दोन जनावरांचा तंतोतंत जुळत नाही. म्हणूनच पशुवैद्यक घोड्याचे ओळखपत्र तयार करताना छापील आकृतीवर डोक्याचे व पायांचे पांढरे पट्टे आणि भोवऱ्यांच्या जागा काढतात. भोवरे पाहिल्याशिवाय आपल्याकडे घोड्याचा सौदा होत नाही. निदान या बाबतीत तरी जुनी माणसे आणि विमा कंपन्या यांचे एकमत आहे. या गृहस्थाने मोबाइलवर एकच फोटो काढला, तोही एका अंगाने, आणि त्यात मोतद्दाराच्या हाताने घोडीच्या कपाळावरचा टिका झाकला गेला होता. तो फोटो पुन्हा काढण्याची त्याला गरज वाटली नाही. ज्याला कधीच भरपाई द्यायची नाही त्याला घोडी ओळखू येऊन काय करायचे आहे?

चिपचेही तेच. त्याच्याबरोबर आलेल्या पांढऱ्या कोटातल्या मुलाने घोडीच्या मानेच्या उजव्या बाजूला सुई टोचली, आणि चिप तर डाव्या बाजूला, आयाळीच्या खाली बसवण्याची पद्धत आहे. पॉलिसीवर चिपचा म्हणून जो क्रमांक छापला होता तो 12 अंकी होता. मायक्रोचिपचा क्रमांक 15 अंकी असतो. 12 अंक गाई-म्हशींच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावर असतात. चिप बसवल्याबरोबर तुमच्यासमोर स्कॅनर फिरवून क्रमांक वाचायला लावा, आणि सुई हातात घेणाऱ्याकडे राज्य पशुवैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक मागा. पांढरा कोट कुणालाही शिवून मिळतो.

मी स्वतः जमाखर्च लिहिण्याचे काम करते, म्हणून पावतीची गोष्ट लिहिताना हात जड होतो. जीएसटी क्रमांकात 15 अक्षरे असतात, पहिले दोन अंक राज्याचे आणि पुढची दहा अक्षरे पॅनची. पॅनचे चौथे अक्षर धारक कोण आहे ते सांगते. कंपनीला ‘सी’ आणि व्यक्तीला ‘पी’. माझ्या पावतीवर ‘पी’ होते. लोकांच्या पावत्यांवरचे हे अक्षर मी दिवसभर तपासते, परंतु तबेल्यात उभ्याने घेतलेली पावती मी घडी करून पिशवीत टाकली. पैसे यूपीआयने पाठवतानाही पडद्यावर कंपनीचे नाव न येता एका माणसाचे नाव आले होते, आणि ते आमचे वसुली खाते आहे, असा खुलासा त्याने न विचारता दिला. न विचारता दिलेला खुलासा हाच संशय. हप्ता कंपनीकडे पोहोचल्याशिवाय जोखीम सुरू होत नाही, असे विमा कायद्याचे कलम 64 व्हीबी सांगते, आणि प्रतिनिधीने घेतलेला हप्ता, सुट्ट्या सोडून, 24 तासांच्या आत कमिशन न कापता कंपनीकडे भरला पाहिजे अशी त्यात तरतूद आहे. तेव्हा पैसे फक्त कंपनीच्या नावावर भरा, आणि त्याच आठवड्यात कंपनीच्या मुख्य क्रमांकावर स्वतः फोन करून पॉलिसी क्रमांक खरा आहे का ते विचारा. पॉलिसीवर छापलेल्या क्रमांकावर फोन करू नका. तो फोन त्याच्याच खिशात वाजतो.

घोडीला शूळ उठला. ती पुढच्या खुराने जमीन उकरू लागली, वळून वळून कुशीकडे पाहू लागली आणि घामाने भिजली. घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळे आत साचलेले बाहेर पडायला वाट नसते. डॉक्टरांनी नळी घातली, सलाइन लावले, पण आतड्याला पीळ पडलेला होता. ती गेल्यावर मी त्या गृहस्थाला कळवले. शवविच्छेदनात वेळ घालवू नका, फक्त फोटो पाठवा आणि दाव्याचे प्रक्रिया शुल्क ₹7,500 भरा, म्हणजे रक्कम मंजूर होईल, असे त्याने सांगितले. मी ते भरले. त्या संध्याकाळी माझ्याकडून आणखी कुणी काहीही मागितले असते तरी मी दिले असते, आणि ही माणसे नेमकी तीच वेळ साधतात. खरी कंपनी दाव्यासाठी शुल्क घेत नाही आणि शवविच्छेदनाचा अहवाल मागितल्यावाचून राहत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या डॉक्टरांनी स्वतःहून शवविच्छेदन केले, आणि त्याआधी घोडीच्या मानेवर दोन्ही बाजूंनी कानापासून खांद्यापर्यंत स्कॅनर फिरवला. तो वाजला नाही.

यानंतरचा भाग अधिक संतापजनक आहे. पोलीस ठाण्यात मला प्रथम विचारण्यात आले की घोडी आजाराने मेली ना, मग गुन्हा कसला? नंतर सांगण्यात आले की ही दिवाणी बाब आहे, कराराचा वाद आहे, न्यायालयात जा. करार कुणाशी, हे विचारल्यावर साहेब जेवायला गेले. भारतीय न्याय संहितेचे कलम 318 (4) फसवून मालमत्ता द्यायला लावणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा सांगते. ते कलम मी छापून नेले होते आणि तो कागद टेबलावरच्या काचेखाली वारा लागू नये म्हणून ठेवण्यात आला. ज्या कंपनीचे बोधचिन्ह पॉलिसीवर होते तिच्या शाखेने हा क्रमांक आमचा नाही असे तोंडी सांगितले, लेखी मागितल्यावर वरिष्ठ कार्यालयाकडे बोट दाखवले, आणि वरिष्ठ कार्यालयाने तुम्ही आमच्या ग्राहकच नाही, तुम्हाला पत्र कशाच्या आधारे द्यायचे, असे विचारले. ऑनलाइन तक्रार भरायला बसले तर पॉलिसी क्रमांक टाकल्याशिवाय पुढे जाता येईना आणि टाकलेला क्रमांक चालेना. विमा लोकपालांचे अधिकार नियमांनी विमा कंपन्या, त्यांचे प्रतिनिधी आणि दलाल यांच्यापुरते बांधलेले आहेत. माझा माणूस यांतला कुणीच नव्हता. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही ही चांगली गोष्ट आहे, परंतु नोटीस बजावायला विरुद्ध पक्षाचा पत्ता लागतो. पशुसंवर्धन कार्यालयाने विमा हा आमचा विषय नाही असे सांगितले. थोडक्यात, पॉलिसी खरी असती तर माझी तक्रार ऐकायला पाच ठिकाणे होती. ती खोटी असल्यामुळे एकही नाही. 1930 या मदत क्रमांकावर पैसे गेल्याबरोबर फोन केला तर रक्कम खात्यात अडवता येण्याची शक्यता असते. माझे ₹7,500 त्यामुळे कदाचित वाचले असते, पण मी तेव्हा ठाण्याच्या बाकावर बसले होते आणि तिथल्या कुणीही मला तो क्रमांक सांगितला नाही. आधी 1930, मग ठाणे.

तट्टाचा प्रस्ताव आता मी दुसऱ्या शाखेत दिला आहे. त्याला डॉक्टरांनी भोवऱ्यांची आकृती काढून जोडली आहे, चिप माझ्यासमोर वाचून घेतली आहे आणि अर्ज देण्यापूर्वी भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर कंपनीची नोंदणी पाहिली आहे. हप्ता त्या माणसाने सांगितला होता त्याहून जास्त आहे आणि संरक्षण त्याच्या निम्मेही नाही. खरी पॉलिसी अशीच दिसते.

ठाण्यात गुन्हा नोंदवून घेत नाहीत तेव्हा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 (4) प्रमाणे पोलीस अधीक्षकांना टपालाने तक्रार पाठवता येते. मी ती पाठवली, आणि त्यावरून त्याच ठाण्यातून मला फोन आला. अर्ज चौकशीसाठी घेतला आहे, असे हवालदारांनी सांगितले. फक्त एका कागदाची कमतरता आहे, ती पूर्ण केल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. त्यांना मूळ पॉलिसीची कंपनीने साक्षांकित केलेली प्रत हवी आहे.