स्क्वॅश स्मिअर: नऊ महिने रोज वापरल्यानंतर

पॅथॉलॉजीच्या दुसऱ्या वर्षात न्यूरोसर्जरीच्या ओटीतून (ऑपरेशन थिएटरमधून) शस्त्रक्रिया चालू असतानाच येणारे तुकडे बघायचं काम माझ्याकडे आलं, त्याला आता नऊ महिने झाले. मेंदूच्या गाठी ओळखायला मला सगळ्यांत जास्त कुणी शिकवलं असेल तर स्क्वॅश स्मिअर या साध्या पद्धतीने: ताज्या टिश्यूचा कण दोन काचांमध्ये दाबून पसरवायचा आणि रंगवून मायक्रोस्कोपखाली बघायचा. पद्धत जुनी आहे. लुईस आयझेनहार्ट आणि हार्वे कुशिंग यांनी १९३० मध्येच ती मांडली होती.

मेंदूच्या टिश्यूत पाणी भरपूर. फ्रोझन सेक्शनसाठी, म्हणजे पातळ काप घ्यायला, तो गोठवला की बर्फाचे स्फटिक होतात, सेक्शनला भोकं पडतात, न्यूक्लियस (पेशींची केंद्रकं) वेडेवाकडे दिसतात. स्क्वॅशला ज्वारीच्या दाण्यापेक्षा लहान तुकडा पुरतो. काचेच्या एका टोकाला ठेवायचा, वरून दुसरी काच अलगद दाबायची, एका दमात सरळ ओढायची आणि ओली असतानाच स्लाइड अल्कोहोलमध्ये टाकायची.

या ‘ओली असतानाच’ची किंमत मला तिसऱ्या आठवड्यात कळली. ओटीचा फोन घ्यायला वळले, तेवढ्यात स्लाइड सुकली. स्टेन करून पाहिलं तर न्यूक्लियस मोठाले, फिकट, पसरलेले. मी ‘हाय ग्रेड’ (जास्त घातक) म्हणून मोकळी झाले. मॅडमनी स्लाइड तिरकी धरून उजेडात पाहिली आणि म्हणाल्या, “ही वाळलीय गं, दुसरी कर.” दुसऱ्या स्लाइडवर त्याच पेशी शांत होत्या. त्या दिवशी तो रिपोर्ट सर्जनपर्यंत गेला असता तर, हा विचार अजून मनातून जात नाही.

काही गाठी डोळ्यांआधी बोटांना कळतात, हे कुणी सांगून मला पटलं नसतं. पिट्युटरी अडिनोमा (पिट्युटरी ग्रंथीची गाठ) सायीसारखा पसरतो. ग्लायोमा (मेंदूतल्या आधारपेशींची गाठ) सहसा सहज ओढला जातो. श्वानोमा (नसांच्या आवरणाची गाठ) मात्र कितीही दाबा, पसरत नाही; पिळलेल्या दोरखंडासारखा गुंता तसाच काचेवर राहतो. आता न पसरणारा तुकडा आला की मी वैतागत नाही, ती माहिती म्हणूनच लिहून ठेवते.

मायक्रोस्कोपखाली खरी मजा तंतूंची. अॅस्ट्रोसायटोमात (ग्लायोमाचा एक प्रकार) पेशींपासून निघालेल्या बारीक तंतूंचं जाळं सगळ्या पार्श्वभूमीवर पसरलेलं असतं. मेटास्टॅसिसमध्ये (दुसऱ्या अवयवातून पसरलेला कॅन्सर) पेशी घोळक्याने चिकटून, आणि तंतूंचं ते जाळं नाही. लिम्फोमात (लिम्फोसाइट पेशींचा कॅन्सर) पेशी एकेकट्या सुट्या. ऑलिगोने (ऑलिगोडेंड्रोग्लायोमा, ग्लायोमाचाच आणखी एक प्रकार) मला फार छळलं. न्यूक्लियसभोवतीचं पांढरं वलय मी पाठ केलं होतं आणि दोन महिने स्मिअरवर तेच शोधत राहिले. ते फॉर्मालिनमध्ये (टिश्यू टिकवायचं द्रावण) राहिलेल्या टिश्यूत तयार होतं. ताज्या स्मिअरवर दिसणारच नाही! तिथे गोल, एकसारखे न्यूक्लियस आणि कमी तंतू बघायचे.

एका केसने माझा या पद्धतीवर कायमचा विश्वास बसवला. तरुण बाई, एमआरआयवर कडेने उजळणारी गाठ, सगळ्यांच्या मनात ग्लिओब्लास्टोमा (सर्वांत घातक ग्लायोमा). फ्रोझनवर पेशींची दाटी, मधेच एखादी मायटोसिस (विभागणारी पेशी). स्मिअरवर मात्र त्याच पेशी सुट्या होऊन पडल्या आणि त्यांचं फेसाळ पोट स्पष्ट दिसलं: मॅक्रोफेज, म्हणजे कचरा गिळणाऱ्या पेशी. ती गाठ नव्हतीच, डीमायलिनेशन (मज्जातंतूंचं आवरण झिजणं) होतं, आणि शस्त्रक्रिया तिथेच थांबली. आपल्याकडे ट्यूबरक्युलोमाही (क्षयाची गाठ) असाच वेश घेऊन येतो, म्हणून त्यातल्या एपिथेलॉइड पेशी शोधल्याशिवाय मी आता फोन करत नाही.

मर्यादा मोठ्या आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या वर्गीकरणात डोळ्यांना दिसतं त्याला जनुकीय बदलांची जोड लागते. ऑलिगोडेंड्रोग्लायोमा म्हणायला आयडीएच जनुकातल्या म्युटेशनबरोबर १पी आणि १९क्यू हे गुणसूत्रांचे दोन्ही भाग गेलेले असावे लागतात. आयडीएच-म्युटंट अॅस्ट्रोसायटोमा दिसायला कितीही शांत असो, सीडीकेएन२ए/बी या जनुकांच्या दोन्ही प्रती गेल्या असतील तर ग्रेड ४. हे स्मिअर सांगू शकत नाही. म्हणून फोनवर मी ‘ग्लायोमा, हाय ग्रेड वाटतोय’ इतकंच म्हणते. सर्जन नेमकं नाव मागतात, तेव्हा गप्प राहणं मला अजून जड जातं. पण ते शिकायलाच हवं.

दुसरी अडचण हाताची. जोर जास्त झाला की पेशी चिरडून निळ्या रेघा होतात. मेड्युलोब्लास्टोमात (लहान मेंदूची घातक गाठ) तर हमखास. आर्किटेक्चरही (पेशींची मूळ मांडणी) हातचं जातं, त्यामुळे मेनिंजिओमा (मेंदूच्या आवरणाची गाठ) मेंदूत घुसलाय का, हे सेक्शनशिवाय कळत नाही. आणि स्टिरिओटॅक्टिक बायोप्सीचे (नेमकी जागा मोजून सुईने काढलेले) दोन-तीन धागेच आले असतील तर सगळे दाबून संपवायचा मोह आवरा. मी एकाच धाग्याच्या टोकाचा कण घेते, बाकीचं सगळं पॅराफिनसाठी, म्हणजे मेणाच्या ब्लॉकमध्ये बसवायला. आयडीएच, एटीआरएक्स, पुढच्या सगळ्या तपासण्या त्याच ब्लॉकवर होणार असतात.

नव्याने सुरू करणाऱ्यांनी ओटीच्या फोनची वाट बघू नये. ग्रॉसिंगला (आलेले नमुने तपासून कापायचं काम) मोठी ताजी गाठ आली आणि टिश्यू भरपूर असेल, तर मॅडमना किंवा सरांना विचारून एक कण घ्या, स्मिअर करा, वहीत स्वतःचा अंदाज लिहा आणि पॅराफिन सेक्शन आल्यावर दोन्ही स्लाइड शेजारी ठेवून बघा. माझी तिसरी वही सध्या चालू आहे.