आयसीपी टेस्ट आणि आयोडीनची बाटली : अकरा महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या ऑक्टोबरमध्ये एकाच आठवड्यात माझ्या रीफ टँकमधल्या (जिवंत प्रवाळांच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतल्या) तीन टर्बो गोगलगायी काचेवरून सुटून वाळूत पडल्या आणि लाल माँटिपोरा या प्रवाळाची कड दिवसेंदिवस फिकट होत गेली. घरच्या किटवर कॅल्शियम ४२०, मॅग्नेशियम १,३२० आणि अल्कलिनिटी ८ होती, म्हणजे सगळे जागच्या जागी होते. टँक १८० लिटरचा आहे. संप (टँकला जोडलेली खालची टाकी) धरून आणि दगड-वाळूची जागा वजा करून प्रत्यक्ष पाणी १९० लिटर भरते. मी श्टुटगार्टजवळ राहतो आणि इथे टपालाने नमुना पाठवून आयसीपी टेस्ट (पाण्याचा नमुना अतितप्त प्लाझ्मात सोडून, निघणाऱ्या प्रकाशावरून त्यातली मूलद्रव्ये मोजणारी तपासणी) करून घेणे सोपे आहे, म्हणून पहिल्यांदाच ती केली. (भारतातील वाचकांसाठी एक गोष्ट आधीच सांगतो. दगडी प्रवाळ तिकडे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे संरक्षित आहेत. माझ्याकडील सर्व फ्रॅग (प्रवाळांचे लावलेले तुकडे) इथल्याच शौकिनांच्या टाक्यांत वाढलेले आहेत.)

पहिल्या अहवालाने मला खरोखर आनंदाचा धक्का दिला. त्यात निकेल ९ आणि तांबे ६ मायक्रोग्रॅम प्रति लिटर निघाले. खऱ्या समुद्रात ही दोन्ही मूलद्रव्ये एका मायक्रोग्रॅमच्याही खाली असतात, आणि तांबे तर गोगलगायी-कोळंब्यांसारख्या प्राण्यांना फार लवकर बाधते. मी पंप, पाइप, क्लॅम्प असे एकेक करून बाहेर काढून तपासले. शेवटी काच पुसण्याच्या मॅग्नेटचा पाण्यातला अर्धा भाग उलटा केला, तेव्हा त्याच्या प्लास्टिकच्या आवरणाला केसाएवढी चीर दिसली आणि चिरेतून तपकिरी गंज पाझरत होता. निओडिमियम चुंबकावर बहुधा निकेल, तांबे आणि पुन्हा निकेल असा मुलामा असतो. दोन्ही धातू तिथूनच येत होते. मॅग्नेट फेकून दिला, धातू शोषणारे रेझिन लावले आणि त्यानंतर एकही गोगलगाय मेली नाही. एवढ्या एका शोधासाठी टेस्टचे पैसे मी वसूल झालेले मानतो.

त्याच अहवालात आयोडीन मात्र २१ मायक्रोग्रॅम होते, जे समुद्रात सुमारे ६० असते. दर आठवड्याला १० टक्के पाणी बदलूनही ते तिथेच अडकले होते, कारण नव्या पाण्यात ६० असले तरी एका बदलाने टँकमधले आयोडीन जेमतेम ४ ने वाढते आणि तेवढे शेवाळ, स्किमर (फेसातून घाण काढणारे यंत्र) व पाणी गाळणारा कार्बन मिळून आठवडाभरात संपवतात. केवळ पाणी बदलत राहिले की सगळी सूक्ष्म मूलद्रव्ये आपोआप भरून निघतात, हे माझे जुने मत मला इथे सोडावे लागले. स्ट्राँशियमच्या बाबतीत ते बऱ्यापैकी टिकते. आयोडीनच्या बाबतीत टिकत नाही.

म्हणून आयोडीनची बाटली आणली. लेबलवर लिहिले होते की १ मिली द्रावणाने १०० लिटर पाण्यात लिटरमागे १० मायक्रोग्रॅमची वाढ होते आणि २० थेंब म्हणजे १ मिली. माझी तूट ३९ होती, म्हणजे ७.४ मिली, म्हणजे १४८ थेंब. ते आठ दिवसांत विभागून दिले आणि दुसऱ्या दिवशी नमुना पाठवला. अहवालात आयोडीन आले ४२.

मी सरळ प्रयोगशाळेला दोष दिला आणि कडक शब्दांत पत्रही लिहिले. त्यामागे थोडे कारण होते: आयोडीन ज्या प्रकाशावरून ओळखतात ती त्याची मुख्य रेषा १७८ नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे दूरच्या अतिनील भागात असते, तिथला प्रकाश हवेतला ऑक्सिजन शोषून घेतो, त्यामुळे हे मोजमाप इतर मूलद्रव्यांपेक्षा नाजूक असते. त्याच पाण्याची दुसरी बाटली भरून दुसऱ्या प्रयोगशाळेत पाठवली. तिथे ४७ आले. दोन टेस्टचे मिळून सत्तरच्या वर युरो गेले, आणि दोघांनीही सांगितले ते एकच, की आयोडीन कमी आहे. पहिल्या प्रयोगशाळेला मी क्षमापत्र पाठवले, आणि तेव्हाचे माझे आरोप इथेही मागे घेतो.

मग ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा, सोनाराकडे असतो तसला, टेबलावर ठेवला आणि बाटली उभी उलटी धरून शंभर थेंब मोजून पाडले. वजन भरले ३.१ ग्रॅम. पुन्हा केले: ३.१. तिसऱ्यांदा: ३.२. द्रावण जवळजवळ पाण्याइतकेच जड आहे हे सिरिंजने आधीच पाहिले होते, तेव्हा १ मिलीमध्ये २० नव्हे, सुमारे ३२ थेंब येत होते. १४८ थेंबांत मी ७.४ ऐवजी फक्त ४.६ मिली दिले होते. त्याचा हिशेब २४ मायक्रोग्रॅमचा होतो. २१ अधिक २४ म्हणजे ४५, त्यातून आठ दिवसांचा खर्च वजा केला की ४२. अहवाल अचूक होता आणि चूक त्या बोटाएवढ्या ड्रॉपरच्या तोंडात होती.

उत्पादकाला वजनांचे फोटो पाठवले. उत्तर आले की थेंबाचा आकार तापमान आणि धरण्याच्या कोनावर अवलंबून असतो. ते खरे आहे, पण त्याने ३२ चे २० होत नाहीत, आणि ज्या कंपनीला हे ठाऊक आहे तिने थेंबांत मात्रा छापूच नये. तीन पत्रांनंतर त्यांनी बाटली बदलून दिली. नव्या बाटलीचे तोंड रुंद होते आणि शंभर थेंब भरले ४.६ ग्रॅम, म्हणजे १ मिलीला सुमारे २२ थेंब. खरी भीती मला इथे वाटली. जुन्या बाटलीवर स्वतः शोधलेली थेंबांची संख्या कोणी भाबडेपणाने नव्या बाटलीवर वापरली, तर टँकमध्ये जवळपास दीडपट आयोडीन जाईल, आणि आयोडीन जास्त झाल्यास प्रवाळांना कमतरतेपेक्षा अधिक इजा होते.

तेव्हापासून ड्रॉपरचे तोंड काढून टाकून मी १ मिलीच्या सिरिंजनेच द्रावण घेतो. कमतरता भरून काढल्यावर आठवड्याला १.५ मिली, दोन भागांत, दिवे लागण्याआधी देतो. तिसऱ्या अहवालात आयोडीन ५८ आणि चौथ्यात ६१ आले. निकेल व तांबे दोन्ही मोजता येण्याच्या मर्यादेखाली गेले. माँटिपोराची कड पुन्हा लाल झाली आहे आणि सुमारे दोन सेंटिमीटर पुढे सरकली आहे, मात्र याचे श्रेय मी एकट्या आयोडीनला देत नाही, कारण त्याच काळात गंजका मॅग्नेटही गेला होता.

टेस्ट मी आता दर महिन्याऐवजी दर तीन महिन्यांनी करतो. नमुन्याची नळी टँकच्याच पाण्याने तीनदा विसळतो आणि झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लागू देत नाही. अल्कलिनिटी आणि नायट्रेट आयसीपीत कळत नाहीत, म्हणून घरचे किट कायम आहेत. अहवालात थोडे कमी दिसले म्हणून मँगनीज, व्हॅनेडियम, क्रोमियम अशा बाटल्यांची रांग मी घेतली नाही आणि पुढेही घेणार नाही. त्या पैशांत मिठाची वीस किलोची बादली येते.

आयोडीनची दुसरी बाटली गेल्या आठवड्यात संपली आणि तिसरी आणली. काट्यावर शंभर थेंबांचे वजन ३.९ ग्रॅम भरले. लेबलवर आजही २० थेंब म्हणजे १ मिली असेच छापलेले आहे.