मोठा फोटो गोव्यात छापून घेताना: लॅब, फ्लेक्सवाला की पिगमेंट प्रिंट?

पणजी, म्हापसा, मडगाव, कुठेही जा, २४ × ३६ इंचांचा फोटो छापून मिळतो. पण ‘पोस्टर पाहिजे’ एवढंच सांगितलं, तर तीन दुकानांतून तीन वेगळ्या वस्तू हातात पडतात. तिन्हींचे दर वेगळे, आयुष्य वेगळं आणि आपल्या पावसाळ्यात त्यांचं होणारं हालहवालही वेगळं.

आधी फोटो लॅब. इथल्या नेहमीच्या मशीनवर कागदाचा रोल बहुधा १२ इंच रुंद असतो, म्हणून खरा फोटोपेपर १२ × १८पर्यंत, फार तर १२ × ३६ची लांब पट्टी. या मापापर्यंत लॅबइतकं स्वस्त आणि चोख काम दुसरीकडे होत नाही. एक मात्र सांगून ठेवा: ‘करेक्शन करू नका’. मशीन आपोआप उजेड सारखा करायला जातं आणि सांजवेळचा मांडवीचा फोटो दुपारचा होऊन येतो. त्याहून मोठं माप सांगितलं की लॅबवालाही इंकजेटकडेच (शाई फवारणाऱ्या प्रिंटरकडे) वळतो किंवा काम बाहेर पाठवतो. कुठल्या मशीनवर होणार, हे विचारायला लाजू नये.

फ्लेक्सच्या दुकानात दर चौरस फुटावर असतो. २४ × ३६ म्हणजे ६ चौरस फूट. इथे साधं फ्लेक्स घेऊच नका. ते रस्त्यावरून, लांबून बघायचं. दिवाणखान्यात त्याची वीण आणि शाईचे ठिपके दोन्ही दिसतात. इको-सॉल्व्हंट (सौम्य द्रावकाच्या शाईच्या) मशीनवर विनाईल, म्हणजे गुळगुळीत प्लास्टिकची शीट, मागा, आणि ८ पासवर, म्हणजे प्रत्येक पट्टीवरून छपाईच्या आठ फेऱ्या मारून, छापायला सांगा. घाईत ४ पासवर काढलं की आकाशात आडव्या पट्ट्या उमटतात. चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) तोंडावर आणि निवडणुकीच्या दिवसांत या दुकानांत घाईच असते, तेव्हा हे काम नेऊच नये. दुसरा धोका ऑपरेटरचा. फोनचा फोटो ४:३, चौकट ३:२; तो कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये फोटो ओढून चौकटीत बसवतो आणि माणसं जाडी होतात. फाईल घरूनच योग्य प्रमाणात कापून न्यावी. रंगांचंही थोडं सोसावं लागतं: चार शाईंच्या या छपाईत भरपावसातल्या शेतांचा हिरवा मळतो आणि गडद निळा जांभळ्याकडे झुकतो. वाढदिवसाच्या कोलाजला चालेल, कुळागराच्या (पोफळीच्या बागेच्या) फोटोला नाही.

त्या फोटोसाठी पिगमेंट शाईचा (रंगाचे बारीक कण असलेल्या शाईचा), ८ ते १२ रंगांचा प्रिंटर. अशी दुकानं थोडी, दर सर्वांत जास्त, पण हिरवे-निळे खरे उतरतात आणि शाई उन्हाला लवकर फिकी पडत नाही. कागद लस्टर, म्हणजे मंद चमकीचा, घ्या. ग्लॉसीवर समोरच्या खिडकीचं प्रतिबिंब फोटोपेक्षा जास्त दिसतं. ३०० जीएसएमच्या (चौरस मीटरला तितके ग्रॅम वजनाच्या) आसपासचा कॉटन कागद देखणा असतो, पण हवेतलं पाणी पितो. एसी नसलेल्या घरात त्यावर पैसे घालवण्यात अर्थ नाही. रोल २४, ३६ आणि ४४ इंचांचे असतात. २४ × ३६ची प्रिंट २४च्या रोलवर चपखल बसते; दुकानात फक्त ४४चा असेल, तर उरलेल्या कागदाचे पैसे कोणाच्या माथी, हे आधीच ठरवा.

फाईलबद्दल लोक नको तितके घाबरतात. २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा म्हणजे ६००० × ४००० पिक्सेल. २० × ३० इंचांवर ते इंचाला २०० पडतात, भिंतीवरच्या फोटोला पुष्कळ झाले. फोनचा १२ मेगापिक्सेलचा फोटो २४ × ३६वर इंचाला ११२ भरतो. सोफ्यावरून छान, नाक लावून पाहिलं तर माडाची पानं मऊ, चिकटलेली दिसतील. घात होतो तो व्हॉट्सअ‍ॅपवर. साधा फोटो पाठवला की लांब बाजू जेमतेम १६०० पिक्सेलची उरते, म्हणजे इंचाला ४४. डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा पेनड्राइव्ह न्या. फाईल एसआरजीबीमध्ये, म्हणजे रंगांच्या सर्वसाधारण पद्धतीत, असू द्या. अ‍ॅडोबी आरजीबीची फाईल बऱ्याच दुकानांत तशीच उघडली जाते आणि रंग मरगळतात.

प्रिंट काळपट आली, ही नेहमीची तक्रार. दोष बहुतेकदा स्क्रीनचा. पूर्ण उजेडावर ठेवलेल्या फोनवर देवळाच्या गाभाऱ्यातलं सगळं दिसतं, कागदाला स्वतःचा उजेड नसतो. स्क्रीनचा उजेड अर्ध्यावर आणून फोटो पाहा आणि सावल्यांचा भाग उजळ करा. मग पूर्ण मापाच्या फाईलमधून ८ × १२ इंचांचा एक तुकडा, चेहरा आणि सावली दोन्ही येतील असा, कापून तेवढाच छापून घ्या. अख्खा फोटो लहान करून काढलेली चाचणी काही सांगत नाही. ती नेहमीच रेखीव दिसते.

आता खरा गोव्याचा प्रश्न. इथे फोटो शाईने नाही, पाठीमागून बिघडतो. फ्रेमवाला सवयीने मागे हार्डबोर्ड किंवा प्लाय लावतो. जून उजाडला की तो ओल धरतो, फुगतो, कागदाला लाटा येतात आणि ऑगस्टपर्यंत कोपऱ्यात बुरशीचे ठिपके. प्लायला वाळवीची भीती वेगळीच. मागे सनबोर्डच (फोमचा हलका प्लास्टिक बोर्ड) सांगा, आणि या मापाला ५ मिमी. ३ मिमीचा काही महिन्यांत धनुष्य होतो. एसीपी शीट (प्लास्टिकच्या दोन्ही बाजूंना अॅल्युमिनियमचा पत्रा) त्याहून सपाट राहते. काच थेट फोटोला टेकवू देऊ नका. दमटपणात लस्टर आणि ग्लॉसीचा थर काचेला चिकटतो, आणि एकदा चिकटला की सोडवताना शाईसकट निघतो. मध्ये माउंट (जाड कागदाची चौकट) किंवा स्पेसर (अंतर ठेवणारी पट्टी) हवाच. वजनाचाही विचार करा: या मापाची ४ मिमी काच साडेपाच किलोंच्या वर जाते, ३ मिमी अ‍ॅक्रिलिक सुमारे २ किलो. माझ्या मते काच नकोच. सनबोर्डवर चिकटवून मॅट कोल्ड लॅमिनेशन (उष्णतेशिवाय चढवलेली बिनचमकीची पातळ फिल्म) हा इथला सर्वांत शहाणा सौदा. फक्त लॅमिनेशन छपाईनंतर २४ तासांनी करायला सांगा. इको-सॉल्व्हंटची शाई वाफ सोडत असते. ती अडकली की कडा उचलतात, फुगे येतात. ‘तासाभरात देतो’ म्हणणाऱ्याला म्हणूनच नमस्कार करावा.

कॅनव्हास हवा असेल, तर चारही बाजूंना २-२ इंच जास्त छापावे लागतात. २० × ३०साठी २४ × ३४. लाकूड मुरलेलं नसेल, तर चौकट पीळ खाते. पावसात कापड सैलही पडतं, म्हणून कोपऱ्यांत पाचर ठोकायची सोय असलेलीच चौकट घ्या.

नेताना प्रिंट ३ इंचांपेक्षा बारीक नळीत गुंडाळू नये. स्कूटरवर २४ × ३६ची सनबोर्डची फळी म्हणजे शीड. कदंबची (गोव्याच्या सरकारी परिवहनाची) बस बरी. घरी चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) बाहेरच्या भिंतीवर आतल्या बाजूने टांगणार असाल, तर मागच्या चारही कोपऱ्यांना रबराच्या गोट्या लावा, म्हणजे हवा खेळते. खिळे-हुक स्टेनलेस स्टीलचे किंवा पितळेचे. साध्या लोखंडाला किनाऱ्यावरच्या हवेत गंज चढतो आणि भिंतीवर तांबडा ओघळ उतरतो.