पेलेट स्टोव्हवाल्यांनो, पोत्यावरचं चित्र नको, नंबर बघा

थंडीच्या आधी स्टोव्हसाठी पेलेटचा, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या बारीक कांड्यांचा, साठा भरणाऱ्यांसाठी लिहितोय, जरा लांबलंय पण वाचा. कोणता ब्रँड चांगला यावर लोक तासन् तास वाद घालतात, आमचं नुकसान मात्र ब्रँडमुळे झालंच नाही, छापील पोतं चांगल्या ब्रँडचं होतं आणि आत भलताच माल भरलेला होता.

विक्रेत्याचं नाव लिहीत नाही, तक्रार चालू आहे. माणूस बोलायला एकदम गोड. तीन ब्रँड ठेवतो आणि विचारलं की तिघांची तुलना असलेला एक तक्ता फोनवर पाठवतो, उष्णता किती, ओलावा किती, सगळं रंगीत रकान्यांत. त्यातला सगळ्यात महाग ब्रँड म्हणे किलोमागे ६ किलोवॉट-अवर उष्णता देतो. आता ही थाप का आहे ते सांगतो. लाकूड अगदी पूर्ण कोरडं केलं तरी किलोमागे सव्वापाचच्या आसपासच मिळतं, आणि पेलेटमध्ये थोडा ओलावा असतोच, ए१ ला, म्हणजे एनप्लस या पेलेटच्या प्रमाणपत्रातल्या सगळ्यात वरच्या दर्जाला, १० टक्क्यांपर्यंत चालतो, त्यामुळे चांगला पेलेट ४.६ ते ५ च्या जवळपास बसतो. त्या ए१ ची उष्णतेची अटसुद्धा किमान ४.६ चीच आहे. पाइनसारख्या राळेच्या लाकडात किंचित जास्त उष्णता असते, पण किंचितच. म्हणजे दोन प्रामाणिक ब्रँडमध्ये उष्णतेचा फरक जवळजवळ नसल्यात जमा, खरा फरक राखेत, भुकटीत आणि पेलेट किती घट्ट दाबलाय त्यात. आणि नेमका भुकटीचा रकाना त्या तक्त्यात नव्हताच!

बरं, प्रात्यक्षिक पण दाखवतो हा माणूस. ग्लासभर पाण्यात चार पेलेट टाकायचे, ते बुडतात, मग फुगून त्यांचा भुसा होतो, की हा विजयी चेहरा करून आपल्याकडे बघणार. पेलेट बुडला म्हणजे तो घट्ट दाबलेला आहे, एवढंच त्यातून कळतं. राख किती पडेल, आत फर्निचरच्या कारखान्यातला गोंद लागलेला भुसा आहे का, झाडाची साल आणि माती आहे का, हे त्या ग्लासात दिसत नाही. रंगाचंही तेच, पांढुरका म्हणजे चांगला आणि काळपट म्हणजे वाईट असं काही नसतं, लाकडाच्या जातीवर आणि वाळवण्यावर रंग बदलतो.

नमुन्याचं पोतं दिलं ते खरोखर उत्तम निघालं. राख फिकट, मऊ, फुंकर मारली तर उडेल अशी, काच पण बरीच स्वच्छ राहिली. त्यावरून पूर्ण थप्पीची ऑर्डर दिली, पैसे आधी घेतले, तेही बँक ट्रान्सफरने, कार्ड चालत नाही म्हणे.

थप्पी आली ती काळ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, ड्रायव्हर घाईत, उतरवलं आणि गेला. वरच्या दोन थरांतली पोती नमुन्यासारखीच. त्याखालची सुरू झाली आणि स्टोव्हची तऱ्हाच बदलली. ज्योत आखूड, नारिंगी, आळशी, काच संध्याकाळपर्यंत काळीकुट्ट, घरात हलका आंबूस रासायनिक वास, आणि बायको म्हणाली हा लाकडाचा वास नाही, प्लायवूड कापताना येतो तो आहे. मग पेलेट आत ढकलणारा स्क्रू जाम. बर्नपॉट, म्हणजे पेलेट जळतात ते भोकांचं भांडं, उघडला तर तळाशी राखेचा वितळून झालेला दगड, भोकं सगळी बुजलेली, मेकॅनिकने स्क्रूड्रायव्हरने ठोकून काढला तेव्हा हातात काचेसारखी चकाकणारी खापरी आली. चांगल्या लाकडाची राख सहसा वितळत नाही, ए१ च्या नियमात तर ती १२०० अंशांच्या खाली मऊ पडायलाच नको असं आहे, अशी खापरी झाली की बहुतेक वेळा माती, साल नाहीतर भेसळ समजायची. आणि भोकं बुजली की हवा कमी, हवा कमी की अर्धवट जळण, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. अलार्म नसेल तर आजच लावा, हे मी गंमत म्हणून सांगत नाहीये.

मग पोतीच तपासायला घेतली. वरचं आणि खालचं शेजारी ठेवलं तर छपाई तीच, तोच लोगो, तेच जंगलाचं चित्र, पण खालच्या पोत्याच्या तोंडाला दोनदा चिकटवल्याच्या रेषा, एक जुनी कापलेली आणि एक नवी वाकडी. म्हणजे रिकामी पोती गोळा करून परत भरलेली. एक पोतं चाळलं, तळाला पीठच पीठ. १५ किलोच्या पोत्यात भुकटी अर्धा टक्का चालते, म्हणजे ७५ ग्रॅम, इथे पातेलं भरत आलं. त्यात पांढऱ्या लॅमिनेटचे बारीक कपचे सुद्धा दिसले, नखाने उचलून बायकोला दाखवले. तुम्हाला घरी राखेची टेस्ट करायची असेल तर सोपी आहे, ए१ मध्ये राख ०.७ टक्के चालते, म्हणजे एका पोत्याला साधारण १०५ ग्रॅम, थोडी धुराबरोबर उडते ते सोडा, पण पोत्यामागे पाव किलो राख वजनाला भरली तर तो ए१ नाहीच.

आता नंबरचं. एनप्लसच्या खऱ्या शिक्क्याबरोबर एक ओळख क्रमांक असतो, देशाची दोन अक्षरं आणि तीन आकडे, ३०० च्या आत उत्पादक आणि त्यापुढे बहुतेक व्यापारी. एनप्लसच्या वेबसाइटवर हा नंबर टाकला की कंपनी कोणती आणि सर्टिफिकेट चालू आहे की नाही ते दिसतं, शिवाय शिक्का खोटा वापरणाऱ्यांची यादीही असते. आमच्या पोत्यावरचा नंबर खरा होता, उत्पादकाचा. पण हा विक्रेता शोधला तर तो कुठेच नाही, आणि त्या उत्पादकाला ईमेल केला तर उत्तर आलं की या नावाच्या माणसाला आम्ही माल देत नाही. म्हणजे पोत्यावरचा नंबर एकटा पुरत नाही, विकणारा तो माल कुठून उचलतो हेही विचारायचं आणि उत्पादकाकडे खात्री करायची. काही पोत्यांवर नुसतं "ए१ क्वालिटी" किंवा ईएन १४९६१ लिहिलेलं असतं, यातलं ईएन १४९६१ हे जुनं युरोपीय मानक, त्याच्या जागी २०१४ साली आयएसओ १७२२५-२ आलं. अमेरिकन मालावर "प्रीमियम" दिसलं तर पेलेट फ्युएल्स इन्स्टिट्यूटचा शिक्का आहे का बघा, त्यांच्या प्रीमियमला राख १ टक्क्यापर्यंत असते, शिक्का नसेल तर प्रीमियम हा शब्द कोणीही छापतो.

विक्रेत्याला फोटो पाठवले. आधी "तुमच्या स्टोव्हची हवा नीट सेट नाही". मेकॅनिकचा रिपोर्ट पाठवला तर "पोती ओल्या जागी ठेवली असणार". शेड कोरडी आहे, वरची पोती तिथेच होती, ती कशी चांगली राहिली, याला उत्तर नाही. मग म्हणे उरलेली बदलून देतो, वाहतूक तुम्ही भरा, आणि त्यानंतर फोन बंद. २०२२ मध्ये पेलेटचे भाव कडाडले तेव्हा युरोपात खोटी ऑनलाइन दुकानं निघाली होती, पैसे घ्यायची आणि माल पाठवायचीच नाहीत, आमच्याने निदान थप्पी तरी पाठवली असं म्हणायचं का आता! त्यात मेकॅनिक म्हणतो चुकीच्या इंधनाने स्क्रूची मोटर गेली तर कंपनी वॉरंटी देणार नाही, स्टोव्हच्या पुस्तकात तसं लिहिलेलंच आहे.

आणि हो, थप्पी म्हणजे टन असं त्याच्या बिलावर होतं. पोती मोजली तर ६५, १५ किलोची, म्हणजे ९७५ किलो. थप्पीत ६५, ६६, ७० अशी काहीही पोती येतात, म्हणून भाव थप्पीचा नाही, किलोचा विचारा.

ज्यांच्याकडे असाच माल आलाय त्यांनी सगळी पोती फोडू नका. दोन-तीन बंदच ठेवा, उघडलेलं पोतं पुरावा म्हणून धरतीलच असं नाही. तोंडावरच्या चिकटवलेल्या रेषेचा जवळून फोटो काढा, बिल, डिलिव्हरीची पावती आणि तो तक्ता जपून ठेवा, आणि शिक्क्याच्या तक्रारीसाठी एनप्लसला लिहा, पोत्याचा फोटो नंबरसकट लागतो. चाळून उरलेला भुसा बागेत टाकू नका, गोंद आहे त्यात.