डिस्कपार्ट की एसडी कार्ड फॉरमॅटर: पायचं कार्ड परत पूर्ण जागेचं करायला काय वापरावं?

रास्पबेरी पाय या एका बोर्डाच्या छोट्या कॉम्प्युटरमधलं ३२ जीबीचं एसडी कार्ड काढून विंडोजला लावलं की ते जेमतेम ५१२ एमबीचं दिसतं (पायची जुनी ओएस, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, असेल तर २५६) आणि मग आपली मंडळी कोल्हापुरातल्या राजारामपुरीच्या दुकानदाराच्या नावानं शंख करायला लागतात. कार्ड बहुतेक वेळा ठणठणीत असतंय बघा. पाय सुरू करायला लागणारं बूटचं छोटं फॅट३२ पार्टिशन (कार्डाचा वेगळा केलेला भाग) तेवढं विंडोजला कळतं, बाकी सगळी जागा ईएक्सटी४ या लिनक्सच्या रचनेत, ती वाचताच येत नाही म्हणून वर "फॉरमॅट करा" असं मागं लागतं. तिथं हो म्हणून काय उपयोग नाही, पार्टिशन दोनची दोनच राहतात.

मग उरले दोन रस्ते, आणि मी दोन्ही वापरलेत.

डिस्कपार्टचं कौतुक आधी करतो. काळ्या खिडकीत कमांड टाइप करून चालवायचं हे टूल विंडोजमध्येच असतं, काही उतरवून घ्यायला नको, लिस्ट डिस्क, सिलेक्ट डिस्क, क्लीन, मग नवीन पार्टिशन करून फॉरमॅट, झालं काम. ओएस अर्धवट लिहिली जाऊन पार्टिशन टेबलची (कुठला भाग कुठं आहे त्या नोंदीची) वाट लागलेलं कार्ड असेल तर ताकद यातच जास्त, निदान माझा तरी तसा अनुभव.

पण एक गोष्ट मला शेवटपर्यंत पटली नाही. लिस्ट डिस्क केलं की समोर येतात नुसते नंबर आणि साइज. डिस्कचं नाव नाही, ड्राइव्ह लेटर नाही. माझ्या मशीनला घरच्या लग्नाकार्याचे फोटो असलेली बाहेरची हार्डडिस्क कायम लावलेली, शेजारी कधी ३२ चाच पेनड्राइव्ह, आणि काय काय लावलंय त्यावर नंबर बदलतात, काल कार्ड २ होतं तर आज ३. डिटेल डिस्क टाकून नाव बघता येतं, मान्य, पण ते दरवेळी आठवणीनं करायचं आणि एवढं करून क्लीन म्हटलं की हा बाबा एका शब्दानं विचारत नाही, "खरंच पुसू का?" म्हणून. एंटर दाबलं की विषय संपला. रात्री जेवण करून निवांत छंदाचं काम करायला बसायचं आणि बॉम्ब निकामी केल्यासारखी वायर निवडत बसायची, हे कशाला भावा?

एसडी कार्डांचे नियम ठरवणाऱ्या एसडी असोसिएशनचा फॉरमॅटर त्यामानानं साधा. फुकट आहे, एकदा इन्स्टॉल करावा लागतो. ड्राइव्ह लेटर दाखवतो, पायचं कार्ड असेल तर लेबलच्या जागी बहुतेक बूट किंवा बूटएफएस दिसतं, म्हणजे बरोबर कार्ड धरलंय हे तिथंच कळतं. पुसायच्या आधी विचारतो. क्विक फॉरमॅट पुरतो, ओव्हरराइटच्या (सगळी जागा परत लिहून पुसायच्या) नादाला लागलात तर बसा वाट बघत. शिवाय तो एसडीच्या ठरलेल्या रचनेप्रमाणं फॉरमॅट करतो, त्यानं वेग किती वाढतो ते मी काय मोजलेलं नाही, पण कॅमेऱ्यात घातलेल्या कार्डानं अजून तक्रार केलेली नाही.

६४ जीबी आणि वरच्या कार्डाला मात्र तो फॅट३२ ऐवजी एक्सफॅट ही दुसरी रचना करून देतो. गाडीच्या जुन्या स्टिरिओला फॅट३२ च लागत असेल तर इथं अडतं, आणि डिस्कपार्टही बऱ्याच विंडोजवर ३२ जीबीच्या वर फॅट३२ ला नाही म्हणतं. तेवढ्यापुरतं कार्डावर पायची ओएस लिहायच्या रास्पबेरी पाय इमेजर या सॉफ्टवेअरमधलं इरेज वापरा, ते फॅट३२ च करतं.

तुमच्या मशीनला एकच डिस्क असेल आणि काळी खिडकी बघून घाम फुटत नसेल तर डिस्कपार्ट वाईट नाही. मी पहिल्यांदा फॉरमॅटरच उघडतो, त्यानं हात टेकले तर बाहेरची हार्डडिस्क काढून ठेवून मग डिस्कपार्ट.

३२ च्या कार्डाला शेवटी २९ पॉइंट काहीतरी दिसलं तर परत दुकानात जाऊ नका, कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या. आणि हो, त्याच कार्डावर परत पायचीच ओएस टाकणार असाल तर यातलं काहीच करू नका, इमेजर जुनं सगळं पुसूनच लिहितो आणि पहिल्या बूटला जागा आपोआप पसरते.