मिनी एक्झोराचं कुंपण, अकरा महिन्यांनी

दिवाळीत हे लिहायला बसलो असतो तर पाचपैकी एक तारा दिला असता, तोही नर्सरीवाल्याने टेम्पोचं भाडं लावलं नाही म्हणून.

गेल्या मृगाला मिनी एक्झोराची, म्हणजे झुबक्यांनी फुलणाऱ्या बुटक्या झुडपाची, चाळीस रोपं आणली, पन्नास रुपयाला एक. तीस नव्या चिऱ्याच्या कंपाउंडला लागून, उरलेली दहा विहिरीकडे. आईने पहिल्याच दिवशी ऐकवलं, "अरे, ही तर पिटकुळी! रानात कितीय मेळता, ती पैशे देवन हाडलंस?" रानातली उंच वाढते, ही बुटकी, वगैरे समजावलं. दोन हजार रुपयांचं समर्थन करायचं तर एवढं बोलावंच लागतं.

पावसाळा छान गेला. ऑक्टोबरात कंपाउंडकडची तीसच्या तीस पिवळी पडली. म्हणजे कोवळी पानं लिंबासारखी पिवळी, त्यांच्या शिरा हिरव्यागार, आणि खालची जुनी पानं शाबूत. नर्सरीत फोटो पाठवले. उत्तर आलं, पाणी जास्त होतंय. आठवड्याने, पाणी कमी पडतंय. मग साडेचारशेचं टॉनिक गळ्यात मारलं. काडीचा फरक नाही. रोपं बदलून मागितली तर म्हणे, "झाडाला कसली वॉरंटी?" चांगलीच खडाजंगी झाली.

पण विहिरीकडची दहा, त्याच टेम्पोतली, हिरवीगार! तेव्हा कुठे डोक्यात शिरलं की खोट रोपात नाही, जागेत आहे. कंपाउंडकडे खुरपं घातलं. चार बोटं लाल मातीखाली राखाडी, कडक थर. गवंड्यांनी तिथेच माल कालवला होता आणि जाताना वर माती ओढून गेले होते. त्यातला खडा घेऊन लिंबू पिळलं, तर सोड्यासारखा फसफसला.

एक्झोराला आम्लधर्मी माती लागते. सिमेंटातल्या चुन्याने मातीचा सामू (पीएच) चढला, की मातीत लोह असूनही मुळांना ते उचलता येत नाही. आपल्या जांभ्याचा लाल रंग लोहाचाच, आणि त्या मातीत माझी झाडं लोहावाचून उपाशी! नत्र कमी पडलं की आधी जुनी पानं पिवळी होतात, लोह कमी पडलं की कोवळी. हे एक वाक्य नर्सरीत कोणी सांगितलं असतं तर साडेचारशे वाचले असते.

कृषी दुकानात चिलेटेड लोह, म्हणजे मातीत अडकू नये म्हणून दुसऱ्या रसायनात बांधलेलं लोह, दाखवलं. त्यातलं ईडीटीएवालं चुनखडीच्या मातीत टिकत नाही, ईडीडीएचएवालं घ्यावं लागतं, आणि त्याची किंमत ऐकून मी हिराकस (फेरस सल्फेट, लोहाचा साधा क्षार) घेऊन घरी आलो. लिटरला पाच ग्रॅम, थोडा लिंबाचा रस, संध्याकाळी पानांवर फवारा. दहा-बारा दिवसांत पानं हिरवी. इथे मी चार तारे देऊन मोकळा झालो होतो. पण महिन्याने नवी पालवी फुटली ती पुन्हा पिवळी. मुळाशी चुना तसाच, तर वरून किती पाजणार? शेवटी जानेवारीत तीसही रोपं मुळाच्या गड्ड्यासकट काढली, हातभर चर खणून सात घमेली मलबा उपसला, आणि माडाच्या बुंध्याकडची माती नि शेणखत भरलं. दोन गेली, अठ्ठावीस जगली.

बाकी, मेव्हण्याने हौसेने दर महिन्याला कातरून भिंतीसारखं चौकोनी केलं होतं, ते बंद केलं. फुलोरा फांदीच्या शेंड्यावर येतो, शेंडेच उडवले तर फुलणार काय? मुंग्यांमागून पिठ्या ढेकूण आला, तो साबणाच्या पाण्याने आवरला. वानरांनी अजून तरी हात लावलेला नाही.

आता मे महिन्यात सगळं केशरी झालंय. सकाळी शिंजीर पक्षी येतात, परवा राणी पाकोळी फुलपाखरू येऊन गेलं. आई पूजेला रोज दोन झुबके नेते, पिटकुळी म्हणूनच.

चार तारे. पाचवा पोर्चच्या लाद्यांमुळे कापला. हिराकशीचे थेंब उडाले तिथे गंजाचे डाग पडलेत, घासून घासून हात दुखले. सध्या त्यावर चपलांचा स्टँड सरकवून ठेवलाय.