इंग्रजी शब्द फोडून शिकणं: सहा-सात महिन्यांनंतर

मेडिकल कोडिंगच्या (रुग्णाच्या कागदपत्रांतल्या आजारांना, उपचारांना ठरलेले कोड देण्याच्या) कामाला लागल्यापासून इंग्रजी शब्द मुळं, उपसर्ग आणि प्रत्यय सुटे करून शिकतोय. साधनं दोनच: एक वही आणि फोनवर अँकी, म्हणजे फ्लॅशकार्डं पुन्हा पुन्हा दाखवून पाठ करून घेणारं ॲप. माझं शिक्षण मराठी माध्यमातलं, त्यामुळे आधीचा साठा बेताचाच.

वैद्यकीय शब्दांत ही पद्धत चोख चालते. शब्द शेवटाकडून वाचायचा. आयटिस म्हणजे दाह, ऑटमी म्हणजे नुसता छेद, एक्टमी म्हणजे कापून काढणं, ऑस्टमी म्हणजे छेद घेऊन वाट मोकळी ठेवणं. कोलेसिस्टेक्टमी हे नाव बघून घाम फुटतो, पण कोले पित्त, सिस्ट पिशवी, एक्टमी काढणं. झालं, पित्ताशय काढलं. नेफ्र (मूत्रपिंड), हेपॅट (यकृत), गॅस्ट्र (जठर), आर्थ्र (सांधा) असे थोडे तुकडे पक्के झाले की डिस्चार्ज समरी (रुग्णाला घरी सोडताना दिलेला उपचारांचा गोषवारा) वाचताना सारखा शब्दकोश उघडावा लागत नाही. हे शब्द बहुतेक ठरवून, तुकडे जोडूनच घडवलेत, म्हणून उलगडतातही सरळ.

फक्त हायपर आणि हायपो यांच्यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा. रक्तातली साखर वाढली (हायपर) की कोड आर७३.९, उतरली (हायपो) की ई१६.२. दोन अक्षरं घाईत वाचली की कोड पार उलटा.

रोजच्या इंग्रजीत मात्र गाडी अडखळते. स्पेक्ट म्हणजे पाहणं. इन्स्पेक्ट, स्पेक्टेटर लगेच कळतात. पण रिस्पेक्टमधला ‘पुन्हा वळून पाहणं’ हा भाग नुसता समोर ठेवला तर आदर कुणाला सुचेल? अर्थ आधी ठाऊक असला तरच दुवा जुळतो. शाळेत संस्कृत घेतलेल्यांना हा खेळ जुना आहे: धातू एकच ‘हृ’, पण आहार, प्रहार, संहार, विहार यांची तोंडं चार दिशांना. (आम्ही संस्कृत घेतलं होतं ते निव्वळ मार्कांसाठी.)

काही शब्द तर सरळ फसवतात. इन्फ्लेमेबलमधला इन नकाराचा नाही. टँकरवर हा शब्द असेल तर काडी ओढू नका. पीडियाट्रिशियनमधलं मूळ ग्रीक, अर्थ मूल. पेडलमधलं लॅटिन, अर्थ पाय. आउटरेजचा तर आउटशीही संबंध नाही आणि रेजशीही. तो फ्रेंचमधून आख्खा आलाय. म्हणून शंका आली की एटिमऑनलाइन या शब्दांची व्युत्पत्ती सांगणाऱ्या वेबसाइटवर बघतो. फुकट आहे आणि नोंदी छोट्या असतात.

अँकीतले तयार डेक (कार्डांचे संच) मला पटले नाहीत. शेकडो मुळं, त्यातली कितीतरी जेमतेम दोन-तीन शब्दांत येणारी. माझ्या कार्डावर पुढे कामात आलेलं वाक्य असतं, एक शब्द ठळक. मागे त्याची फोड आणि त्याच मुळाचा ओळखीचा एक भाऊबंद. कार्डं कमी होतात, पण टिकतात. अँकी अँड्रॉइडवर आणि संगणकावर मोफत आहे, आयफोनवर पैसे मोजावे लागतात.

उच्चारासाठी यातून काहीही मिळत नाही. फोटोग्राफ, फटॉग्रफर, फोटोग्रॅफिक: मूळ तेच, पण जोर दर वेळी नव्या जागी. तो कानानेच शिकावा लागतो, आणि टीम कॉलवर अजूनही माझी तिथेच गोची होते.